जाडीची चकती

त्या जहाजाला आयुष्यात पाच नावं मिळाली आणि पाचही एकाच माणसाने रंगवली. मालक बदलला की नाव बदलायचं. नवा मालक बायकोचं, आईचं नाहीतर एखाद्या ताऱ्याचं नाव घेऊन यायचा आणि जणू जहाज कालच जन्मलं अशा थाटात गोदीत मिरवायचा. गोदीतल्या लोकांनी त्यातलं एकही नाव कधी तोंडात घेतलं नाही. पोट सुटलेलं, चाल मंद, आणि कितीही माल घाला, आत जागा शिल्लक आहेच; म्हणून सगळे तिला जाडी म्हणत. "जाडी कधी लागतेय?" "परवा." कागदावर काय लिहिलंय ते कारकुनाने बघावं, त्याला त्याचाच पगार मिळतो.

नाव रंगवणाऱ्या माणसालाही गोदीत नाव नव्हतं. तो रंगारी. अंगाने किडकिडीत, डबा धरून धरून डावा खांदा उतरलेला, आणि नखांच्या कडेला मागच्या जहाजाचा रंग. अक्षरं तो मोजपट्टीने आखत नसे. वीत टाकायची, खडूची रेघ मारायची, की झालं. पन्नास पावलांवरून बघा, एक अक्षर दुसऱ्यापेक्षा केसभर मोठं निघायचं नाही. हे त्यालाही ठाऊक होतं, नको तितकं ठाऊक होतं. कुणी वाखाणलं की तो "हं" म्हणायचा आणि दिवसभर फुगून फिरायचा.

दोरखंडाच्या दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत रंगारी आणि त्याची बायको, बाहेरच्या खोलीत त्याचा थोरला भाऊ आणि वहिनी. थोरल्याला घरात सगळे दादा म्हणत. दादा जाडीवरच खलाशी होता. जाडी बांधून पाण्यात सोडली त्या वर्षापासून तो तिच्या डेकवर होता, आणि बायकोपेक्षा तिच्यासोबत जास्त दिवस काढलेत असं स्वतःच सांगायचा. "तिच्याकडे जास्त दिवस, माझ्याकडे जास्त भांडणं," वहिनी म्हणायची, "हिशेब बरोबर आहे." वहिनी गोदीच्या गोणीछपरात कामाला होती. उतरवताना फाटलेल्या गोण्या तिथे यायच्या आणि पंधरा-वीस बायका दाभण-सुतळी घेऊन त्या शिवायच्या. मूलबाळ नव्हतं. दादा आठ-आठ महिने समुद्रावर आणि ती गोण्यांच्या ढिगात, असा संसार चालला होता आणि बरा चालला होता.

आता चकती काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मालवाहू जहाजाच्या दोन्ही कुशींवर, बरोबर मध्यावर, एक गोल कडी असते आणि तिच्यातून गेलेली एक आडवी रेघ. माल भरत गेलं की जहाज खाली बसत जातं, आणि पाणी त्या रेघेला टेकलं की बस, पुढे एक गोणीही घालायची नाही. मालकाचा लोभ आवरायला एवढीच काय ती खूण. म्हणून ती नुसती रंगवत नाहीत. पत्र्यात पंचाने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, ठोके मारून आधी ती कोरतात, मग त्यावर पांढरा रंग. रंग खोटं बोलू शकतो, ठोके नाही. जुने खलाशी रंगाकडे बघतच नसत, कडेचे ते बारीक खळगे दिसतात का ते बघत.

दादाची एक खोड होती. जहाज सुटायच्या आधी तो धक्क्याच्या टोकाला उभा राहायचा, हात सरळ लांब करायचा, एक डोळा मिटायचा आणि पाणी आणि चकतीची रेघ यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते मोजायचा. चार बोटं मावली की मान हलवायची आणि शिडी चढायची. तीन भरली तर सारंगाशी, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याशी, जाऊन हुज्जत घालायची. एकदा अडीच भरली तेव्हा तो शिडीवरच बसून राहिला आणि सिमेंटची दोनशे पोती उतरवून घेतली, तेव्हा कुठे उठला. बाकीचे खलाशी हसायचे, पण दादाने मान हलवल्याशिवाय कुणी आपली पेटी वर न्यायचं नाही.

लढाई सुरू झाली तेव्हा जाडी आठ वर्षांची होती. एका आठवड्यात तिचं रूप पालटलं. मागच्या डेकवर तोफ बसली, खिडक्यांच्या काचा काळ्या झाल्या, आणि रंगाऱ्याला हुकूम आला की वरपासून खालपर्यंत सगळं करडं. नावसुद्धा. स्वतःच्या हाताने काढलेली अक्षरं स्वतःच्या हाताने पुसायची म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. पण लढाईत कोण कुणाच्या अक्षरांची पर्वा करतं. त्याने गपगुमान करडा मारला.

तिसऱ्या वर्षी, जाडी रिकामी होऊन धक्क्याला लागलेली असताना, युद्धखात्याचा एक साहेब मुकादमाला घेऊन आला. रंगारी जहाजाच्या कुशीवर फळी टांगून बसला होता. साहेबाने छडीने चकती दाखवली.

"ही वीतभर वर घ्यायची. दोन्ही बाजूंना."

"वर म्हणजे साहेब? ती ठोकलेली आहे."

"जुनी रंगाखाली जाईल. नवी वर काढ."

"लेखी काही मिळेल का?"

"लढाई लेखी चाललीय का?" साहेब म्हणाला आणि निघून गेला. मागे राहिलेल्या मुकादमाने आवाज खाली आणून सांगितलं, की हे कुठे बोललास तर तुझं काय व्हायचं ते होईल, मला मध्ये घालू नकोस. हा मुकादम दगडाखाली हात सापडलेल्यातला. त्याच्यावर रागावून उपयोग नव्हता.

वीतभर म्हणजे किती? माणसाच्या हाताने मोजलं तर काहीच नाही. जाडीच्या पोटाने मोजलं तर शेकडो टन.

रंगाऱ्याने काम केलं. जुनी चकती करड्याखाली घातली, वर वीत टाकली, नवी कडी काढली, आडवी रेघ मारली. इथेच थांबला असता तर ही गोष्ट झालीच नसती. पण त्याने फळी जरा मागे ढकलून बघितलं आणि त्याला ती चकती बोडकी वाटली. सपाट. खऱ्या चकतीच्या कडेने खळगे असतात, त्यात सावली बसते; हिला काहीच नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, साहेबाने नाही, मुकादमाने नाही. हे आपलं स्वतःचंच शहाणपण. त्याने बारीक ब्रश घेतला, करड्यात थोडा काळा कालवला आणि कडेने एकेक ठोका रंगवायला बसला. वरच्या अंगाला सावली, खालच्या अंगाला उजेडाची टिकली. प्रत्येक बाजूला दोन-दोन तास. संपलं तेव्हा मुकादमाने धक्क्यावरून डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "पंच घेऊन गेला होतास की काय वर?"

रंगारी "हं" म्हणाला आणि फुगला. घरी निघाला तोवर फुगलेलाच होता.

दोरखंडाच्या दुकानाशी आल्यावर त्याचे पाय थांबले. नुसती रंगाची चकती असती तर दादाने एका नजरेत ओळखली असती. ठोके नाहीत म्हणजे खोटी, हे त्याला सांगावं लागलं नसतं. तो शिडीवर बसून राहिला असता आणि त्याच्या मागे सगळे बसले असते. ती एकच वाट होती आणि ती आपण आपल्या हाताने, दोन-दोन तास खपून, बुजवून टाकली. तो तसाच दुकानाच्या पायरीवर बसला. दुकानदाराने विचारलं, "काय हो, बरं नाही का?" तर म्हणाला, "रंगाचा वास चढला."

त्याने ठरवलं की दादाला सांगायचं. माल भरायला चार दिवस लागले आणि चारही दिवस तो सांगणार होता. शेवटच्या दिवशी दुपारी दादा घरी जेवायला आला. दोघे भाऊ शेजारी बसले, वहिनी वाढत होती, आणि दादा कधी नव्हे ते गप्प होता. रंगाऱ्याने दोनदा तोंड उघडलं. एकदा वहिनीने त्यात "आणखी घ्या" टाकलं आणि एकदा त्याने स्वतःच पाणी ओतलं. हात धुताना दादा त्याच्याकडे वळून म्हणाला, "काम झकास केलंस हो." करड्या रंगाचंच म्हणत असणार. रंगाऱ्याने हात पुसले आणि कामावर निघून गेला. भेकडपणाला दुसरं नाव नसतं आणि त्याने पुढे कधी दिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाडी सुटायची होती. डेकवर ताडपत्रीखाली बांधलेले लष्करी ट्रक, पोटात पिंपं आणि पेट्या. रंगारी रंगाच्या कोठारापाशी उभा होता. दादा धक्क्याच्या टोकाला आला, हात लांब केला, एक डोळा मिटला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ उभा राहिला. मग मागे वळला, भावाला शोधलं आणि हात उंच करून चार बोटं दाखवली. चार. आणि शिडी चढून गेला. त्याच्यामागे बाकीच्यांच्या पेट्या गेल्या.

बाराव्या दिवशी वादळ लागलं. जहाजांचा तांडा होता, कुणी कुणासाठी थांबायचं नाही असा नियम. ट्रकांचे दोर सुटायला लागले म्हणून पाच जण डेकवर गेले आणि दोघे परत आले. हे सगळं सारंगाने दीड महिन्याने सांगितलं, दादाची पेटी घेऊन आला तेव्हा. खालमानेने, सांगायचं तेवढंच सांगितलं. "जहाज वर उठतच नव्हतं," तो म्हणाला. "पहिल्या लाटेचं पाणी उतरलं नाही तोच दुसरी अंगावर." वहिनीने पेटी उघडली नाही. तिने सारंगाला पाणी दिलं, तो गेल्यावर भांडं घासून पालथं घातलं, आणि मग आतल्या खोलीच्या दाराशी उभ्या असलेल्या दिराकडे बराच वेळ बघितलं. रंगाऱ्याला ती नजर पेलली नाही. तो जिना उतरून गेला.

त्या दिवसापासून त्याच्या मागे एकच प्रश्न लागला. दादा त्या ठोक्यांवर भरवसा ठेवून चढला का? उत्तर त्याच्याजवळ होतंच. चार बोटं. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. पण माणूस उत्तर ठाऊक असलेला प्रश्नही रोज विचारत राहतो, एखाद्या दिवशी वेगळं येईल म्हणून.

पहिली दोन वर्षं वहिनी त्याच्याशी कामापुरतंच बोलली. दार लावा, तेल संपलं, एवढंच. सगळे म्हणाले, दुःख आहे, कमी होईल. तसं ते झालं. तिसऱ्या वर्षी ती पुन्हा थट्टाही करायला लागली. लोकांच्या मते दीर-भावजयीचं असं बिनधुसफुसीचं घर गोदीभागात दुसरं नव्हतं. रंगारी तिचं काही खाली पडू देत नसे. थंडीच्या आत तिच्या खोलीची खिडकी रंगवून व्हायची, पगारातली पहिली खरेदी तिची. त्याची बायको म्हणायची, "अहो, माझंही काही लागतंय का तुम्ही?" पण मनापासून नाही म्हणायची.

लढाई संपली आणि जाडी सुक्या गोदीत आली, एक पट्टी वाकलेली, तोफ काढलेली. तपासनीस आला. गरज सरो आणि वैद्य मरो, लढाईतल्या साहेबाचा आता मागमूस नव्हता. तपासनीसाने हातोडीने करड्याचे पापुद्रे उडवले, खालचे ठोके सापडले, वरच्या चकतीकडे बघितलं, पुन्हा ठोक्यांकडे बघितलं. रंगारी डबा धरून शेजारी उभा. आता विचारेल, आता विचारेल.

"लढाईत काय काय चालायचं," तपासनीस म्हणाला. "खालची पांढरी कर. वरच्यावर काळा मार."

बस, एवढंच. कुणी विचारलं नाही, कागद झाला नाही. रंगाऱ्याने आपल्याच पापावर आपल्या हाताने काळा मारला आणि त्याच दिवशी जाडीला दुसरं नाव दिलं. तेही झकास काढलं. हात सवयीने चालतो, त्याला मनाचं काही विचारावं लागत नाही.

मग जाडीचं शांततेतलं आयुष्य सुरू झालं आणि ते लढाईतल्यापेक्षा फार लांब होतं, पण त्यात सांगण्यासारखं कमी. आठ वर्षं तिने धान्य वाहिलं. वहिनीच्या छपरात तिच्या गोण्या यायच्या. "जाडीचं आलंय," वहिनी संध्याकाळी सांगायची, "बारा फाटक्या." आवाजात काही नाही. तिसऱ्या मालकाने तिला हिरवी केली आणि लाकडाला लावली. चौथ्याचा धंदा बुडाला. दोन वर्षं ती खाडीत नांगर टाकून गंजत पडली आणि तिच्या डोलकाठीवर पाखरांनी घरं केली. पाचव्याने तिला एका राणीचं नाव दिलं आणि आत सिमेंट भरलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! दर दोन-तीन वर्षांनी ती सुक्या गोदीत यायची. बाकीचं अंग रंगाऱ्याच्या हाताखालचे कुणीही रंगवोत, चकती तो स्वतः करायचा. खालची, खरी, पांढरी. आणि वीतभर वर जो रिकामा पत्रा दिसायचा तिथे तो दोन हात जास्त द्यायचा. कधी काळा, कधी हिरवा, कधी तांबडा. चोराच्या मनात चांदणं. एवढ्या थरांखालूनही त्याला ते ठोके दिसायचे.

सांगायचा प्रयत्न त्याने केला नाही असं नाही. एकदा, दादा जाऊन दहाएक वर्षं झाली असतील, वहिनी खिडकीशी बसून घरचीच एक पिशवी शिवत होती. रंगाऱ्याची बायको बाजारात गेली होती. तो समोर जाऊन बसला.

"वहिनी, एक सांगायचं होतं."

वहिनीने दाभण खाली ठेवला. पिशवी बाजूला केली. दोन्ही हात मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत बसली, असं की आता घराला आग लागली तरी ही उठायची नाही. रंगाऱ्याने नजर बाजूच्या पिशवीकडे वळवली.

"जरा सुतळी हवी होती," तो म्हणाला.

वहिनीने त्याच्याकडे आणखी थोडा वेळ बघितलं. मग उठून सुतळीचा गुंडा आणून दिला. "पुरेल ना एवढी?" तिने विचारलं. ती सुतळी पुढे कितीतरी वर्षं त्याच्या ब्रशांच्या खोक्यात पडून होती, त्याने वापरलीही नाही आणि परतही केली नाही.

दादा गेल्याला एकतीस वर्षं झाली तेव्हा जाडी भंगारात निघाली. खाडीच्या पलीकडे, भरतीचं पाणी लांबवर चढतं तिथे, जुनी जहाजं चिखलात चढवून तोडत. रंगारी तोवर कामावरून निवृत्त झाला होता. हात थरथरायला लागल्यावर त्याने स्वतःच ब्रश ठेवला, कुणी सांगायची वाट बघितली नाही. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. घरात तो आणि वहिनी, दोघंही सत्तरीकडे झुकलेली. भंगाराची बातमी त्याने वहिनीला जेवताना सांगितली.

"मला न्याल बघायला?" वहिनी म्हणाली. एकतीस वर्षांत ती एकदाही जाडी बघायला धक्क्यावर गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो आधी एकटाच जाऊन आला. तोडणाऱ्या मुकादमाशी ओळख निघाली, गोदीतलाच जुना माणूस. त्याला सांगितलं, कुशीचा अमुक पत्रा अख्खा काढा, मधून कापू नका, आणि एक दिवस बाजूला ठेवा. "काय करणार त्याचं?" मुकादमाने विचारलं. "घरात टांगणार?" रंगारी हसला नाही. संध्याकाळी घरी येऊन त्याने खोक्यातून जुनी खरवडणी काढली, दगडावर धार लावली आणि खिशात ठेवली. या खेपेला सुतळी मागायची नाही, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं.

सकाळची ओहोटी होती. जाडी चिखलात उभी, पुढचं अर्धं अंग आधीच नाहीसं झालेलं, आतली रिकामी दालनं उघडी पडलेली. वहिनीने थांबून तिच्याकडे बघितलं. "एवढीच होती होय," ती म्हणाली. पत्रा वरच्या मैदानात, राखेच्या जमिनीवर आडवा ठेवला होता, कापल्याच्या कडा काळ्या. मधोमध चकती. पांढरा रंग पिवळा पडला होता.

वहिनी गुडघ्यावर हात टेकत खाली बसली. चकतीच्या कडेवरून तिने बोटं फिरवली. दाभणाने आयुष्यभर टोचून टोचून ती बोटं चामड्यासारखी झाली होती, तरी ठोके लागत होते. ती एकेका खळग्यावर थांबत पूर्ण गोल फिरली.

"हे खरे," ती म्हणाली.

रंगारी तिच्या शेजारी बसला. त्याने वीत टाकली. हात थरथरत होता, पण वीत बरोबर पडली. खरवडणी लावली. आधी तांबडा निघाला, त्याखाली हिरवा, मग काळा, जाड. त्याखाली पांढरं लागलं. तो खरवडत होता, वहिनी बघत होती. तळव्याएवढा तुकडा मोकळा झाला. कडीचा एक तुकडा आणि तिच्या कडेने सहा-सात ठोके. वरच्या अंगाला सावली, खालच्या अंगाला उजेडाची टिकली. एकतीस वर्षांत एकाचाही रंग उडाला नव्हता.

"ही माझी, वहिनी," रंगारी म्हणाला. "दादाने ही बघून..."

वहिनीने हात पुढे केला आणि त्या ठोक्यांवरून बोट फिरवलं. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"गुळगुळीत," ती म्हणाली. "हे म्हणाले होते तसंच."

रंगाऱ्याच्या हातातली खरवडणी पत्र्यावर पडली.

"पिण्याच्या पाण्याची होडी आणली होती ना बाजूला, माल भरून झाल्यावर, तेव्हा तिच्यात उतरून चकतीला हात लावून बघितला त्यांनी," वहिनी सांगत होती. बाजारातलं काही सांगावं तसं. "त्या दुपारी तुमच्या आधी घरी आले, तेव्हाच सांगितलं. म्हणाले, धाकट्याने काय हात बसवलाय, डोळ्याला पत्ता नाही लागत, बोटाला लागतो तेवढाच. मी म्हटलं, मग जाऊ नका. म्हणाले, नाही गेलो तर कारण विचारतील, आणि कारण सांगितलं तर ठोके कुणी काढले तेही विचारतील. म्हणाले, एक खेप काढतो, परत आलो की त्याच्या कानाखाली वाजवतो."

रंगाऱ्याला पुन्हा तो धक्का दिसला, तो लांब केलेला हात, आणि आपल्याकडे वळून दाखवलेली ती चार बोटं. ती मोजलेली नव्हती. दादाला ठाऊक होतं की चार नाहीत. त्याच्यामागे ज्यांच्या पेट्या वर गेल्या त्यांना मात्र ठाऊक नव्हतं, त्यातले दोघे परत आलेच नाहीत, आणि ते ओझं दादाने एकट्याने उचललं असेल ते कुणासाठी, हेही आता विचारावं लागत नव्हतं. तो रडायला लागला. म्हातारी माणसं रडतात तसा, आवाज न करता, नाक पुसत.

"मला कधी सांगितलं नाहीत," तो शेवटी म्हणाला.

"दोन वर्षं रागाने नाही सांगितलं," वहिनी म्हणाली. "तुम्हाला बघितलं की वाटायचं, जळू दे ह्याला. मग राग उतरला. मग वाटलं, माणूस आपणहून येऊन सांगेल, तेव्हा आपणही सांगू. तुम्ही आलात तर सुतळी मागितलीत."

"तेव्हा सांगायचंत."

"मी का? चकती मी काढली होती?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मीही हट्टाला पेटले होते. माझंही चुकलंच त्यात."

क्रेनवाल्याने लांबून हाक मारली. पत्रा उचलायचा होता, दिवसभर ठेवायचं कबूल केलं होतं पण वर जागा लागत होती. मुकादम येऊन विचारून गेला, न्यायचाय का काही तुकडा. रंगाऱ्याने मान हलवून नाही म्हटलं. वहिनीने खाली पडलेली खरवडणी उचलली, पुसली आणि त्याच्या खिशात घातली. मग त्याच्या खांद्याचा, त्या उतरलेल्या डाव्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

"फार उशीर केलात, भावोजी," ती म्हणाली. "चला, बाजूला होऊ. त्यांना काम करू दे."